चार बोटं अंतर

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, गावात शेगडीवाले मिस्त्री म्हणून ओळखले जातात. शेगडी ते बनवत नाहीत. ती कारखान्यातून येते, चार माणसं घाम गाळून ती घरात ठेवतात आणि मग अण्णांना बोलावणं येतं, कारण खरी कटकट तिथून पुढे असते. आमच्याकडे थंडी पाच महिने, घरं लाकडाची, आणि विटांचं धुराडं बहुतेक घरांत मागच्या अंगाला, भिंतीच्या पलीकडे. शेगडी अलीकडे. म्हणजे शेगडीचा तापलेला पाइप लाकडी भिंतीतून आरपार न्यायचा आणि भिंतीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. अण्णांनी पंचेचाळीस वर्षं एवढं एकच काम केलं.

मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, भिंतीला भोक पाडायला अशी किती अक्कल लागते. तसं मी बोलूनही दाखवलं. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. अण्णा रागावले नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीतून त्यांनी एक फळी आणून माझ्या हातात दिली. एका टोकाला ती चांगली पिवळी होती, मधे तपकिरी, आणि दुसऱ्या टोकाला काळी, इतकी ठिसूळ की नखाने भुगा पडत होता. ते म्हणाले, "ही जळलेली नाही. ही नुसती शेकली आहे, नऊ वर्षं." लाकूड एका दिवसात पेटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पाइपाच्या उबेला बसून बसून ते आधी सुकतं, मग तपकिरी होतं, मग काळं. आणि काळं झालं की त्याला पेटायला फारसं काही लागत नाही. पहिल्या हिवाळ्यात भडकलेल्या शेगडीला दाद न देणारी फळी नवव्या हिवाळ्यात साध्या विस्तवाने पेट घेते.

म्हणून अण्णांचा नियम होता. पाइप उघडा असेल तर त्याच्या सगळ्या बाजूंनी हातभर मोकळी जागा, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तेवढी जागा नसेल तर डबा बसवायचा. डबा म्हणजे पत्र्याचं दुहेरी नळकांडं, दोन पत्र्यांच्या मधे न जळणारी लोकर ठासलेली आणि बाहेरून वारा खेळायला फट. डबा असेल तर वीतभर चालेल. वितेच्या खाली नाही. पाइप धुराड्याकडे किंचित चढता हवा, प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू हवेत, आणि भिंतीतला तुकडा कधीही काढून बघता आला पाहिजे. लोक या सगळ्याला वैतागत. "मिस्त्री, भिंतीतून धूर न्यायचाय की म्हैस?" असं एकाने विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "म्हैस परवडली, ती पेटत नाही."

नवरा माझा बोटीवर, वर्षातून दोनदा उगवतो. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या. त्यामुळे मी घरात बसून भिंती बघण्यापेक्षा दुकानात जाऊ लागले आणि बघता बघता पत्रा कापायला, डबे वळायला शिकले. मापांची वहीही माझ्याकडे आली. कोणाचं घर, कोणती भिंत, पाइप केवढा, लाकडापासून अंतर किती.

काम झालं की अण्णांची एक पद्धत होती. शेगडी तासभर जोरात पेटवायची. मग अण्णा भिंतीतल्या भोकाच्या कडेला, लाकडावर उजवा तळवा टेकवायचे आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. घरातली सगळी माणसं उभी राहून बघायची. शंभर झाले की अण्णा तळवा काढून म्हणायचे, "झोपा निवांत." आणि लोक खरंच निवांत झोपायचे. मोजपट्टीवर कोणाचा एवढा विश्वास नव्हता. माझी नणंद, ज्यांना मी ताई म्हणते, त्या तर लहानपणापासून शाळेत सांगायच्या की आमच्या अण्णांचा हात म्हणजे काटा आहे.

आणि त्या हातानेच घात केला. कधी ते नेमकं सांगता येणार नाही, पण माझ्या वहीत दिसतं. कुठे मधे खांब आला, कुठे खिडकी आली, कुठे घरमालकिणीचं कपाट आलं, म्हणून अण्णांनी वितेचं अंतर सहा बोटांवर आणलं. तळवा टेकवला, शंभर मोजले, लाकूड थंडगार. मग चार बोटं. पुन्हा थंडगार. अण्णांना वाटलं आपला डबा इतका चांगला झालाय की वितेची गरजच उरली नाही. मलाही तेच वाटलं. डबे मी वळत होते ना, माझी छाती फुगली.

यंदा थंडी सुरू झाली त्या आठवड्यात सकाळी अण्णांनी आमच्या शेगडीचं लोखंडी झाकण उचललं, लाकूड घातलं, झाकण परत ठेवलं आणि चहाला बसले. मी कप ठेवायला गेले तर त्यांच्या तळव्यावर लिंबाएवढा फोड टरारून आलेला. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, "हे कधी झालं?"

मी उठून पाणी तापवलं. दोन वाडगे आणले, एकात सोसवेल एवढं गरम पाणी, एकात गार. त्यांना डोळे मिटायला लावून हात बुडवले. "गरम कुठलं?" अण्णांनी बराच वेळ विचार केला आणि चुकीचा वाडगा सांगितला. मी वाडगे बदलले. पुन्हा चुकीचा. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "राहू दे आता."

डॉक्टरांनी तळव्यांवर सुई टोचून पाहिली. शुगर जुनी होती, कोणी तपासलीच नव्हती. त्यात जन्मभर तापलेला पत्रा. शिरा मेल्या होत्या. "किती वर्षांपासून?" अण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सात-आठ तर नक्की. तुम्हाला कळलं कसं नाही?" अण्णा नुसते हसले. ज्याने कळायचं तेच गेलं होतं.

घरी येऊन मी वही उघडली. आठ वर्षांत वितेच्या खाली चौदा घरं. चौदा भिंती, ज्यांना एका मेलेल्या हाताने पास केलं होतं. त्यातलं एक पान ताईंचं होतं. सात वर्षांपूर्वीचं. चार बोटं. शेगडीच्या मागे भिंतीत बसवलेलं कपाट त्यांना हलवायचं नव्हतं, त्यांनी अण्णांकडे हट्ट धरला होता आणि अण्णांनी लेकीचा हट्ट पुरवला होता. त्याच खोलीत आता ताई बाळंतीण होत्या. मूल दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच झालेलं, ओंजळीत मावेल एवढं. डॉक्टरांचा हुकूम होता की खोली दिवसरात्र उबदार ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं घरोघर फिरायला लागलो. पहिल्याच दारात अण्णांनी मला न विचारता सांगून टाकलं, "नवीन नियम आलाय. वितेपेक्षा कमी अंतर चालत नाही. भिंत उघडून भोक मोठं करावं लागेल, पैसे नकोत." बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अण्णा, कसला नियम?"

"मग काय सांगू? हात मेला म्हणून सांगू? उद्या कोण बोलावेल आपल्याला?"

मी गप्प बसले. हे मी स्वच्छ सांगून टाकते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. अण्णांचा मान होता, तसा माझाही स्वार्थ होता. ते दुकान अण्णांच्या हातावर चालत होतं आणि मला ते दुकान हवं होतं. स्वयंपाकघरात परत जायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येत होता.

अकरा दिवसांत आठ घरं उघडली. पाच घरांत लाकूड तपकिरी निघालं, दोन घरांत काळं, आणि एका घरात बोट घातलं तर आतून कोळसाच हातात आला. त्या घरची बाई म्हणाली, "नियम वेळेवर आला म्हणायचा." अण्णा बाहेर येऊन पायरीवर बसले. पण उरलेली पाच घरं काही केल्या ऐकत नव्हती. नियम म्हटलं की माणसं जसं वागतात तसंच ती वागली. बघू, करू, उन्हाळ्यात या. एकाने तर डोळा मिचकावून विचारलं, "मिस्त्री, कोणाला काही द्यायला लागतं का?" ऐन थंडीत दोन दिवस शेगडी बंद ठेवून भिंत फोडायला कोण कशाला तयार होईल?

आणि ताईंकडे तर नियम पहिल्याच वाक्याला आपटला. जावई नगरपालिकेत, बांधकामाच्याच खात्यात. ते हसले. "अण्णा, असे नियम माझ्या टेबलावरून जातात. मला न सांगता कुठून आला हा?" ताई पलंगावरून म्हणाल्या, "बाळ जरा मोठं होऊ द्या अण्णा. मग अख्खी भिंत काढा." अण्णा म्हणाले, मग आमच्याकडे चला दोघं. ताई म्हणाल्या, तुमच्याकडे पत्र्याची धूळ आणि दिवसभर ठोकाठोक, बाळाला तिथे नेऊ? बरोबरच होतं त्यांचं. त्यांना टाके होते, जिनासुद्धा उतरवत नव्हता.

रस्त्यात मी अण्णांना म्हणाले, "आत्ता मागे फिरा आणि खरं सांगा. नाहीतर मी सांगते."

अण्णा रस्त्यातच थांबले. "तिला काय सांगशील? तुझ्या कपाटासाठी मी अंतर कमी केलं? ती ओली बाळंतीण आहे. जन्मभर स्वतःला खात बसेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला चार दिवस दे. मी तिथे जाऊन बसतो. भिंतीवर लक्ष ठेवतो. काही वाटलं तर मी स्वतः सांगेन. तू शब्द दे."

त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सकाळी आठला लेकीकडे हजर. बाळाला बघायला आलो म्हणायचे आणि शेगडीशेजारी स्टुलावर बसायचे. पायाशी पाण्याची बादली. विचारलं तर म्हणायचे, हवा कोरडी झालीय, पाणी असलेलं बरं. हाताने काही कळत नव्हतं म्हणून ताईंचा डोळा लागला की ते भिंतीला गाल लावायचे. फळीला नाक लावून वास घ्यायचे. विस्तव कमी व्हावा म्हणून शेगडीची हवेची झडप हळूच अर्धी लोटायचे, ताई जाग्या होऊन "थंडी वाजतेय हो" म्हणाल्या की जावई ती पुन्हा उघडायचे. झडप लोटली की पाइपात काजळी धरते, ती पेटू शकते आणि धोका आणखी वाढतो, हे अण्णांइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी ते लोटायचे. संध्याकाळी घरी येऊन मला सांगायचे, "आज कोमट होती." दुसऱ्या दिवशी, "कालच्यासारखीच. जरा जास्त असेल." त्यांच्या एका गालाला शेगडीची झळ लागून लाली आली होती. जेवत नव्हते. मी ताट समोर ठेवलं की ते भाताकडे बघत विचारायचे, "तुला काय वाटतं, डब्यातली लोकर तू नीट ठासली होतीस ना?" मी म्हणायचे, हो. आणि अंथरुणात पडून सात वर्षांपूर्वीचा तो डबा आठवायचा प्रयत्न करायचे. आठवत नव्हता. शेकड्यांनी डबे वळलेत मी, एखादा कसा आठवणार?

ताई मात्र खूश होत्या. मला म्हणाल्या, "वहिनी, अण्णांना नातवाचं एवढं वेड लागेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर हलत नाहीत." मी हसले. काय हसले ते माझं मला ठाऊक.

पाचव्या दिवशी थंडीने कळस केला. नळ गोठले. शाळांना सुट्टी दिली. दुपारी बाराला मी अण्णांना जेवायला बोलवायला गेले. जावई कचेरीत होते. दार लोटलेलं होतं. मी आत पाऊल टाकलं तर ताई पलंगावर उठून बसलेल्या, बाळ मांडीवर, आणि अण्णा त्यांच्याकडे पाठ करून भिंतीला गाल लावून उभे. दोन्ही तळवे भिंतीवर पसरलेले. शेगडी ढणढणत होती.

"अण्णा, काय करताय?" ताईंनी विचारलं.

अण्णा वळले नाहीत. ताई बाळाला खाली ठेवून, पोटावर हात दाबत उठल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन, काय आहे ते बघावं म्हणून त्यांनी फळीवर हात टेकवला. लगेच झटक्यात मागे घेतला.

"अहो, चटका बसतोय. तुम्ही हात कसे ठेवलेत?"

"मला कळत नाही गं," अण्णा म्हणाले. "गालाला भाजतंय. हाताला कळत नाही. आठ वर्षं झाली, मला हाताने काही कळत नाही."

ताईंना अर्थ लागायला किती वेळ लागला असेल? मला तो फार मोठा वाटला. मग मला वास आला. लाकूड जळल्याचा नव्हे, गोडसर, करपलेल्या साखरेचा. मी म्हणाले, "ताई, बाळाला घ्या आणि शेजारी जा. आत्ता."

त्या गेल्या, अनवाणी. अण्णा मात्र एकदम जुने मिस्त्री झाले. आधी शेगडीची हवा बंद, मग पेटती लाकडं चिमट्याने बादलीत, फसफस वाफ, आणखी दोन बादल्या मी पिंपातल्या पाण्याने भरून ठेवल्या. "भिंत एकदम उघडू नकोस," ते म्हणाले. "आत वारा गेला की पेट घेईल. पाणी हातात ठेव, मग फळी काढ." पहार त्यांच्या हातात टिकत नव्हती, निसटत होती, ती मी घेतली. कपाटाच्या बाजूची फळी उचकटली. आत सगळं काळं होतं, आणि त्या काळ्यावर एक बारीक लाल रेघ वरच्या दिशेने सरकत होती. फळी निघताच रेघेची जीभ झाली. मी बादली ओतली. मग आणखी एक. अण्णा "वर, वर" म्हणत होते, मी वर ओतत होते. शेवटी नुसतं काळं पाणी कपाटातून जमिनीवर वाहत राहिलं. ताईंच्या लग्नातल्या साड्या होत्या त्यात.

अण्णा ओल्या जमिनीवर बसले. मी भोकात हात घालून डबा चाचपला. लोकर नीट ठासलेली होती. डब्यात काही खोट नव्हती, फक्त चार बोटांत ती पुरणार नव्हती.

मी शेजारी गेले. ताई शेजारणीच्या शालीत बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला सगळं विचारून घेतलं, फोड, वाडगे, डॉक्टर, चौदा घरं. अण्णांवर त्या चिडल्या नाहीत. "त्यांना आधी इकडे आणा, भिजले असतील, त्यांना ऊब द्या," असंच म्हणाल्या. कपाटाबद्दलही अण्णांना भीती वाटत होती तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, हट्ट माझा होता, नाही म्हणायचं काम त्यांचं होतं, आणि त्यांना तरी काय कळत होतं.

मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"म्हणजे वहिनी, तू पंधरा दिवस येऊन बाळाच्या उशाशी बसत होतीस. तुला माहीत होतं."

मी म्हणाले, "अण्णांनी शब्द घेतला होता."

"अण्णांच्या हाताला कळत नव्हतं," ताई म्हणाल्या. "तुझ्या हाताला काय झालं होतं?"

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बाळ जागं झालं म्हणून त्या त्याला थोपटायला लागल्या आणि मी तिथे उभी आहे हे विसरल्यासारख्या झाल्या. मी माझे हात बघितले. काजळीने बरबटलेले, एका बोटाला पहारीने साल गेलेलं, चांगलं झोंबत होतं.

मी अण्णांना शेजारणीकडे आणून बसवलं आणि वही घेऊन निघाले. पाच घरं उरली होती. पहिल्या दारात म्हणाले, "नियम वगैरे काही आलेला नाही. अण्णांचा हात आठ वर्षांपूर्वीच गेलाय. तुमची भिंत त्यांनी हाताने पास केली, ते खरं धरू नका. विस्तव आत्ता काढा." ऐकणाऱ्या माणसाने मला प्रश्नसुद्धा विचारला नाही. तो आत गेला आणि शेगडीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. दुसऱ्या घरीही तसंच झालं, तिसऱ्याही. एका घराला चार-पाच मिनिटं लागली असतील. अंधार पडायच्या आत पाचही शेगड्या विझल्या होत्या.